‘बरं आहे’ म्हणजे नेमकं किती बरं?

ओपीडीची रांग पार जिन्यापर्यंत गेलेली. आजींचा नंबर लागतो. गुडघा बदलून चार महिने झालेत. डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरतात. सांधा सरळ बसलाय, जखम भरलीय, गुडघा नीट वाकतोय. ‘‘काय आजी, कसं आहे आता?’’

‘‘बरं आहे.’’

केसपेपरवर एक ओळ खरडली जाते आणि पुढचं नाव पुकारलं जातं. बाहेर येऊन चपला घालता घालता आजी सुनेला म्हणतात, ‘‘रात्री कूस बदलायची म्हटलं की जीव जातो बघ. पण त्यांच्याकडे केवढी गर्दी! त्यांना कुठं हे सांगत बसायचं?’’

‘बरं’ हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. आजारातून उठलेला माणूस बरा होतो. बेताच्या जेवणालाही आपण ‘बरं होतं’ म्हणतो. पटलं नाही तरी ‘बरं’ म्हणून मान डोलावतो आणि उठताना ‘बरं, येतो’ म्हणतो. आजींच्या ‘बरं आहे’मध्ये यातलं नेमकं काय होतं, हे डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि एक्स-रेत जे दिसतं ते बरोबर वाचलं. पण आजींनी ऑपरेशन करून घेतलं होतं ते रात्री सलग झोप लागावी, मंडईतून पिशवी घेऊन पायी येता यावं म्हणून. त्यातलं किती साधलं, याची नोंद त्या केसपेपरवर कुठेच नाही.

ही नोंद कशी करायची, याचं एक वेगळं शास्त्र गेल्या पन्नासेक वर्षांत उभं राहिलं आहे. रुग्णाने स्वतः सांगितलेली, मध्ये डॉक्टर, नर्स किंवा नातेवाइकांनी आपला अर्थ न मिसळलेली तब्येतीची हकीकत मोजायची, हा त्याचा विषय. रक्तातली साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन हे यंत्र सांगतं. दुखणं, थकवा, खाज, मळमळ, उदासी, झोप लागली की नुसतं पडून राहिलो, हे सांगणारं यंत्र एकच, ते म्हणजे खुद्द तो माणूस. पंचाईत अशी की कोणी विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, कोणासमोर विचारलं, यावर या यंत्राचं उत्तर बदलतं. त्यामुळे या शास्त्राची सगळी मेहनत विचारण्यावर आहे.

आधी डॉक्टरच ठरवायचे

१९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की हे डॉक्टर कर्करोगावर नायट्रोजन मस्टर्ड हे नवं औषध वापरून पाहत होते. युद्धातल्या विषारी वायूच्या कुळातलं हे रसायन. गाठ लहान झाली की नाही हे कळत होतं, पण माणूस हिंडूफिरू लागला का, हे कसं लिहायचं? त्यांनी शून्य ते शंभर अशी दहा-दहाच्या पायऱ्यांची एक पट्टी केली. शंभर म्हणजे काहीही तक्रार नाही. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते. शून्य म्हणजे मृत्यू. ही पट्टी कर्करोगाच्या दवाखान्यांत आजही वापरतात. हे मोठंच पाऊल होतं, पण आकडा भरायचे डॉक्टर. रुग्ण समोर बसलेला असायचा, त्याच्याबद्दलचं मत मात्र टेबलाच्या पलीकडून ठरायचं.

रुग्णाच्या शब्दांना मान देण्याचं एक मोलाचं काम १९७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झालं. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने वेदनेसाठी लोक वापरतात ते शब्द गोळा केले, त्यांतले ७८ शब्द २० गटांत लावले आणि रुग्णाला म्हटलं, यातला तुमचा शब्द निवडा. दुखणं किती आहे याच्या आधी ते कसलं आहे, हे त्यांना हवं होतं.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपलं डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, पायात गोळे येतात, पोटात मुरडा पडतो, कंबरेत चमक भरते, मिरचीचा हात झोंबतो, दाढेतून कळ जाते. ही शब्दांची हौस नाही. ठसठस म्हटलं की आत पू धरला असेल अशी शंका येते. तळपायांची आग आणि मुंग्या म्हटलं की लक्ष मज्जातंतूंकडे आणि साखरेकडे जातं. जुने वैद्य आणि फॅमिली डॉक्टर हे कानाने टिपायचे. मेलझॅक यांनी ते कागदावर आणून मोजण्याजोगं केलं.

दुसरा प्रवाह पैशाच्या प्रश्नातून आला. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात आरोग्यविम्याचा एक मोठा प्रयोग केला. उपचार फुकट मिळाले तर लोकांची तब्येत खरंच सुधारते का, हे पाहायचं होतं. पण हजारो धडधाकट माणसांची ‘तब्येत’ मोजायची कशी? त्यातून प्रश्नावल्या घडत गेल्या. पुढे जॉन वेअर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ३६ प्रश्नांची एक आटोपशीर प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती एसएफ-३६ या नावाने जगभर गेली. युरोपात १९८७ साली जमलेल्या युरोक्वोल गटाने आणखी काटछाट केली आणि पाचच बाबी ठेवल्या: चालणं-फिरणं, स्वतःची आंघोळ-कपडे, रोजची कामं, वेदना, आणि चिंता किंवा उदासी. प्रत्येक बाबीला पाच पायऱ्या दिल्या तर तब्येतीच्या ३,१२५ वेगवेगळ्या अवस्था त्या पाच प्रश्नांत मावतात.

तराजू कसा बनतो

चार प्रश्न कागदावर लिहिले म्हणजे प्रश्नावली झाली, असं कोणालाही वाटेल. पण मोजमापाला जे नियम किराणा दुकानात लागू आहेत तेच इथेही आहेत. तब्येत तीच असेल तर आज आणि परवा उत्तर तेच यायला हवं. जे मोजतो म्हणतो तेच मोजलं जायला हवं. थकवा विचारायला जावं आणि उदासी मोजली जावी, असं होता कामा नये. आणि तब्येत खरंच बदलली तर काटा हलायला हवा.

जुन्या प्रश्नावल्यांची अडचण अशी, की सगळ्यांना सगळे प्रश्न विचारावे लागायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘पळता येतं का’ आणि मॅरेथॉन धावणाऱ्याला ‘उठून बसता येतं का’. दोघांचाही वेळ वाया, शिवाय उत्तरातून नवं काही कळत नाही ते वेगळंच. शिवाय एका संशोधकाचा थकव्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळत नसे. एकाचा शेर, दुसऱ्याचा किलो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेने २००४ साली ‘प्रॉमिस’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे डेव्हिड सेला हे त्यातलं एक प्रमुख नाव. वेदना, थकवा, झोप, चिंता, हालचाल अशा एकेका विषयावरचे शेकडो प्रश्न जमवले, रुग्णांसमोर ठेवून तपासले, कित्येक गाळले आणि उरलेल्यांची एकेका विषयाची ‘पेढी’ केली. पेढीतल्या प्रत्येक प्रश्नाचं वजन संख्याशास्त्राने ठरवलं. ज्या गणिताने ते ठरतं त्याची एक शाखा डॅनिश गणितज्ञ जॉर्ज रॅश यांच्या १९६०च्या पुस्तकातून निघालेली आहे, आणि ती मुळात शाळेच्या परीक्षांसाठी होती. कल्पना साधी आहे. प्रश्न म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. ‘अंथरुणातून उठता येतं का’ ही तळाची पायरी, ‘पाच मैल पळता येतं का’ ही माथ्याची. माणूस कोणत्या पायरीपर्यंत सहज चढतो आणि कुठे अडतो, ते सापडलं की झालं.

ते सापडवायची रीत तर आपल्या भाजीवालीची आहे. भोपळ्याचा तुकडा पारड्यात टाकला की ती आधी किलोचं माप ठेवते. जड झालं तर अर्ध्यावर येते, कमी पडलं तर पावाची भर घालते. पन्नास ग्रॅमपासून दहा किलोपर्यंतची सगळी मापं ती एकामागून एक ठेवत बसत नाही. प्रॉमिसचा संगणक हेच करतो. आपल्या आजींना टॅबलेटसमोर बसवलं तर पहिला प्रश्न मधल्या वजनाचा येईल: पंधरा मिनिटं चालता येतं का? ‘थोडी अडचण पडते’ असं म्हटल्याबरोबर पळण्याचे प्रश्न बाद आणि उठून बसण्याचेही बाद. पुढचा प्रश्न जिन्याचा. त्याला ‘बरीच अडचण’. मग सामानाच्या पिशवीचा. एरवी लांबलचक फॉर्म भरावा लागला असता, तिथे चार ते बारा प्रश्नांत काटा स्थिरावतो.

आकडाही सगळ्यांना एकाच मापाचा मिळतो. पन्नास म्हणजे सर्वसाधारण लोकांची सरासरी, आणि तिच्यापासून दहाचं अंतर म्हणजे एक पायरी. समजा आजींच्या हालचालीचा आकडा ४० आला. तर शंभरातली साधारण ८४ माणसं त्यांच्यापेक्षा मोकळेपणी हिंडताफिरतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. आकडा वाढतो तो प्रश्नाच्या विषयासोबत. हालचालीचे ६५ म्हणजे उत्तम आणि वेदनेचे ६५ म्हणजे वाईट. आणि ही ‘सर्वसाधारण माणसं’ अमेरिकेतली आहेत, आपल्या गावची नव्हेत.

मुलांच्या वतीने कोण बोलणार?

मोठा माणूस निदान ‘बरं आहे’ म्हणतो. ज्याला बोलताच येत नाही त्याचं काय? १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं जवळजवळ वेदनाशामकाशिवाय होत. बाळ हलू नये म्हणून औषध, थोडा नायट्रस ऑक्साइड, आणि बस्स. इतक्या कोवळ्या मेंदूला दुखणं कळत नाही आणि भुलीचं औषध मात्र झेपणार नाही, अशी समजूत होती. भारतात जन्मलेले आणि त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये काम करणारे डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑपरेशनहून परत येणारी बाळं पाहिली आणि त्यांना ही समजूत पटेना. त्यांनी काही बाळांना नेहमीची भूल आणि काहींना त्यासोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं. ज्यांना वेदनाशामक मिळालं त्यांच्या शरीरातला ताण कमी होता आणि गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि दवाखान्यांच्या रीती बदलू लागल्या. बाळ सांगत होतंच, ते वाचणारं कोणी नव्हतं.

आता त्यासाठी ठरलेली मापं आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेलं ‘फ्लॅक’ हे त्यातलं सोपं. नर्स पाच गोष्टी पाहते: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि कुशीत घेतल्यावर बाळ शांत होतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. इथे अर्थातच बाळ स्वतः बोलत नाही, मोठं माणूस त्याच्याकडे बघून बोलतं. नाइलाज असेल तेव्हाच वापरायचं हे माप.

तीन-चार वर्षांपासून पुढे मूल स्वतः दाखवू शकतं. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा इथे डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांसाठी सहा चेहऱ्यांची पट्टी केली. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला आसवं गाळणारा. मुलांच्या वॉर्डात ही पट्टी तुम्ही भिंतीवर पाहिलीही असेल. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तिच्यात एक खोच दाखवली. दुखत नसलेलं प्रत्येक मूल काही हसरं नसतं. दवाखान्यात आई दिसत नाही म्हणून ते रडवेलं असेल. आणि खूप दुखत असलं तरी ‘मी काही रडलो नाही’ म्हणणारं पोरगं आसवांच्या चेहऱ्यावर बोट ठेवणार नाही. म्हणून २००१ साली सुधारून आलेल्या एका वेगळ्या पट्टीत हसूही नाही आणि आसवंही नाहीत. सुरुवातीचा चेहरा नुसता शांत, शेवटचा वेदनेने आक्रसलेला. दुखणं आणि दुःख वेगळं काढण्यासाठी चित्रातला एक थेंब पुसावा लागला.

वाचू लागलेल्या मुलाला प्रश्नावली देता येते, पण ती मोठ्यांची लहान करून चालत नाही. प्रॉमिसने आठ ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळ्या पेढ्या केल्या. आधी मुलांना एकेक प्रश्न वाचायला लावून ‘यातून तुला काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग’ असं विचारलं. जे शब्द त्यांनी भलत्याच अर्थाने घेतले ते काढले. गेल्या सात दिवसांचंच विचारायचं ठरलं, कारण महिन्यापूर्वीचं मोठ्यांनाही आठवत नाही. मोठ्यांच्या यादीत नोकरी असते, मुलांच्या यादीत शाळा आणि मित्र आले. पाच ते सतरा वयाच्या मुलांच्या आईवडिलांसाठी वेगळा फॉर्मही आहे, लहान आणि फार आजारी मुलांच्या वतीने कोणीतरी बोलावंच लागतं म्हणून.

आता गंमत इथे सुरू होते. मुलाचा फॉर्म आणि आईचा फॉर्म शेजारी ठेवले तर ते जुळत नाहीत. अभ्यासांत वारंवार असं आढळलं आहे की डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे चालणं, जिना चढणं यांवर दोघांचं बऱ्यापैकी एकमत होतं. आतल्या गोष्टींवर, म्हणजे चिंता, उदासी, थकवा यांवर फारकत होते. दम्याचा त्रास असलेला नऊ वर्षांचा मुलगा घ्या. आई खोकल्याच्या रात्री मोजते, कारण त्या रात्री ती जागी असते. पोरगा मोजतो ते क्रिकेटच्या टीममध्ये त्याला शेवटी घेतात ते. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘काय होतंय रे तुला?’ असं विचारलं, की पोरगं आईकडे बघतं आणि उत्तर आई देते. तिचं उत्तर खोटं नसतं. ते तिचं असतं. म्हणून आता दोन्ही फॉर्म घेतात, आणि दोन्हींतला फरक चूक म्हणून पुसत नाहीत. तो फरकही डॉक्टरांना काही सांगत असतो.

मराठीत विचारायचं तर

प्रश्न अमेरिकेतून आला तर तो मराठी करायला कोणीही बसेल, असं वाटतं. एसएफ-३६मध्ये मध्यम कष्टाच्या कामांची उदाहरणं आहेत: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं. संधिवाताच्या रुग्णांसाठी स्टॅनफर्डमध्ये १९८० साली झालेल्या प्रसिद्ध प्रश्नावलीत मांस कापणं, दुधाचं नवं खोकं उघडणं, टबात बसून आंघोळ करणं येतं. शब्दाला शब्द ठेवून हे मराठीत उतरवलं तर सांगली जिल्ह्यातल्या आजी म्हणतील, ‘‘गोल्फ खेळताना काही त्रास होत नाही बाबा.’’

उलट आपल्या गुडघ्याची खरी परीक्षा जिथे होते ते त्या कागदावर नसतंच. उकिडवं बसणं, जमिनीवर मांडी घालणं, पंगतीतून हात न टेकता उठणं, देशी पद्धतीचा संडास. म्हणून भारतातल्या संधिवाततज्ज्ञांनी ती प्रश्नावली इथल्या दिनक्रमाला जुळवून घेतली. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या केंद्राने हे काम केलं. याच डॉ. चोप्रांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना सांधे-स्नायूंच्या दुखण्याबद्दल विचारलं होतं. दवाखान्यात येणाऱ्यांवरून गावाचं दुखणं कळत नाही. अनेक जण ते अंगावर काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही तोंड आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपीय प्रश्नावली हिंदी आणि मराठीत आणून तपासली गेली. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोघे जण स्वतंत्रपणे मराठी करतात, मग दोन्हींतून एक मसुदा निघतो. ज्याने मूळ पाहिलेलं नाही असा तिसरा माणूस तो परत इंग्रजीत नेतो. अर्थ कुठे घसरला ते त्यात दिसतं. शेवटी मसुदा खऱ्या रुग्णांसमोर जातो आणि तिथे पंडितांच्या लक्षात न आलेलं बाहेर येतं.

‘गेल्या सात दिवसांत’ हेच घ्या. आपला आठवडा ‘आठ दिवसांचा’ आणि पंधरवडा ‘पंधरा दिवसांचा’ असतो. ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की सोमवारचा माणूस सोमवारीच येतो, कोणाचा गोंधळ होत नाही. पण फॉर्मवर ‘सात दिवस’ वाचून काही जण बोटं मोजत बसतात. ‘कधीतरी’, ‘कधीकधी’ आणि ‘अधूनमधून’ यांतलं जास्त वेळा कोणतं? पाच जणांना विचारा, तीन क्रम मिळतील. ‘घरकाम करताना अडचण येते का?’ या प्रश्नाला आजोबा ठामपणे ‘नाही’ म्हणतात, कारण घरकाम सून करते. आणि तीच सून ‘काम करू शकता का?’ यावर म्हणते, ‘‘करावंच लागतं ना.’’ पहिल्यात जमतं की नाही हे कळत नाही, दुसऱ्यात किती त्रासाने जमतं हे कळत नाही. एका क्रियापदाच्या फरकाने आकडा इकडचा तिकडे होतो.

या आकड्यांवर पुढे पैशाचे निर्णय उभे राहतात, म्हणून एवढा काटेकोरपणा. युरोक्वोलच्या अवस्थांना भारतीय माणूस किती किंमत देतो, हे चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी लोकांना विचारून काढलं आणि २०२२ साली प्रसिद्ध केलं. त्यात प्रश्न असा असतो: अशा दुखण्यासह दहा वर्षं, की ठणठणीत पण कमी वर्षं? किती कमी वर्षांवर तुम्ही राजी व्हाल? लोकांच्या या घासाघिशीतून कोणत्या अवस्थेचं ओझं किती, ते ठरतं. सरकारने कोणत्या उपचारावर खर्च करावा, याचा हिशेब मांडताना मग परक्या देशाची आवड-निवड उसनी घ्यावी लागत नाही.

नुसतं विचारून काय होतं?

बरंच होतं, हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या एका प्रयोगाने दाखवलं. एथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कर्करोगावर केमो घेणारे ७६६ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची देखभाल नेहमीसारखी. दुसऱ्या गटातल्यांनी मळमळ, वेदना, थकवा, धाप, भूक न लागणं अशा बारा त्रासांची नोंद स्वतः संगणकावर करायची. एखादा त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा आणि ती फोन करायची, औषध बदलायला लावायची किंवा बोलावून घ्यायची. नवं औषध कोणतंही दिलेलं नव्हतं.

नोंद करणाऱ्या गटात जगण्याची गुणवत्ता सुधारलेल्यांचं प्रमाण ३४ टक्के होतं, दुसऱ्या गटात १८ टक्के. तातडीच्या विभागात धाव घ्यावी लागण्याचं प्रमाणही कमी झालं. २०१७ साली आयुर्मानाचे आकडे जाहीर झाले तेव्हा डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं: नोंद करणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, दुसऱ्यांचं २६. पाच महिन्यांचा फरक! कर्करोगावरची कित्येक महागडी औषधं एवढं देत नाहीत. एका रुग्णालयाचा प्रयोग म्हणून तो जपून वाचायला हवा. पण कारण समजण्यासारखं आहे. त्रास लवकर कळला, लवकर आवरला, आणि मग रुग्णाला केमो जास्त काळ सोसता आली.

इंग्लंडने हे सरकारी पातळीवर नेलं. एप्रिल २००९पासून खुबा आणि गुडघा बदलणं, हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा या चार ऑपरेशनांआधी आणि नंतर रुग्णाकडून फॉर्म भरून घेणं सुरू झालं. शेवटची दोन २०१७ साली थांबवली, खुबा आणि गुडघ्याचं चालू राहिलं. खुब्याच्या फॉर्मवर बाराच प्रश्न आहेत, आणि त्यांतला एक रात्री अंथरुणात दुखतं का, हा आहे.

पट्टीही ताणली जाते

या मोजमापाची एक दुखरी बाजू आहे. लोखंडी फूटपट्टी माणसासोबत बदलत नाही, मनातली बदलते. अर्धांगवायूतून सावरलेला गृहस्थ वर्षाने स्वतःला आजारपणाआधी देत होता तेवढेच गुण देतो. तो फसवत नसतो. आधी ‘छान’ म्हणजे गड चढणं होतं, आता ‘छान’ म्हणजे स्वतःच्या हाताने चहा पिणं. संशोधक याला मापाचं सरकणं म्हणतात, आणि १९९९ साली त्यावर पद्धतशीर मांडणी झाली. हा दोष मानायचा की माणसाच्या चिवटपणाची मोजणी, यावर अजून वाद आहेत.

दुसरा प्रश्न, आकडा किती हलला म्हणजे खरं बरं वाटलं? हजारो रुग्ण घेतले तर अर्ध्या गुणाचा फरकही संख्याशास्त्रात ‘लक्षणीय’ ठरतो. कॅनडातल्या संशोधकांनी १९८९ साली साधी कसोटी सुचवली: रुग्णालाच विचारा, फरक जाणवला का? जाणवेल असा सर्वांत लहान फरक हेच खरं परिमाण.

आणि काही गोष्टी गणिताच्या बाहेरच्या आहेत. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि वाचणारी नर्स समोर असली की माणूस आहे त्यापेक्षा थोडं बरं सांगतो. तिच्या कष्टांचा मान राखायचा असतो ना. फॉर्म लांबला की शेवटच्या पानावर सगळी उत्तरं एकाच रकान्यात येतात. आणि भरलेला फॉर्म कोणी वाचलाच नाही, तर पुढच्या वेळी माणूस मनापासून भरत नाही. न्यूयॉर्कमध्ये फरक पडला तो फॉर्ममुळे आणि त्यानंतर वाजलेल्या फोनमुळे.

टॅबलेट, पेढ्या, गणित हे सगळं प्रत्येक ओपीडीत उद्या येणार नाही. पण या शास्त्राने शिकवलेली एक रीत फुकट आहे. ‘कसं आहे?’ ऐवजी मुदत घालून, एकच गोष्ट, रोजच्या कामाच्या शब्दांत विचारायची. रांग तीच, डॉक्टर तेच, वेळही तेवढाच.

‘‘आजी, गेल्या सात दिवसांत दुखण्याने किती रात्री जाग आली?’’

आजी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडतात आणि थांबतात. या प्रश्नाला ते उत्तर बसत नाही. अंगठा पेरांवरून फिरू लागतो. ‘‘सोमवारी आली. मंगळवारी नाही, त्या दिवशी लेक आलेली. मग रोजच... चार. नाही हो, पाच. आणि परवा तर पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.’’

डॉक्टर एक्स-रे बाजूला ठेवून पेन उचलतात.